आधी वाट कुणाची?

रस्त्यावरची भांडणं हा आता आपल्याकडे रोजच्या बोलण्याचा विषय झाला आहे. चार माणसं एकत्र बसली की कुणीतरी सांगतंच, आज अमक्या चौकात काय झालं, कोण कुणाच्या अंगावर धावून गेलं, कुणी गाडीतून उतरून दुसऱ्याची काच फोडली. मग कारणांची यादी सुरू होते. गाड्या फार झाल्या, रस्ते पुरेनात, सगळ्यांना घाई, नव्या पिढीला वळण नाही, पोलिसांचा धाक उरला नाही. यातलं काहीच खोटं नाही. पण आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवल्यामुळे असेल, ‘आजकाल’ हा शब्द ऐकला की मला जरा शंका येते. आजकालची म्हणून जी गोष्ट सांगितली जाते ती पुष्कळदा फार जुनी निघते. ही तर फारच जुनी आहे.

महाभारताच्या आदिपर्वात कल्माषपाद राजाची गोष्ट आहे. राजा शिकार करून परत येतोय. दमलेला, भुकेला, तहानलेला. वाट अरुंद, एका वेळी एकच माणूस जाईल एवढी. समोरून वसिष्ठांचा थोरला मुलगा शक्ती येतो. राजा म्हणतो, बाजूला हो. शक्ती सौम्यपणेच सांगतो की धर्माप्रमाणे वाट माझी आहे, राजानं ब्राह्मणाला वाट द्यायची असते. दोघंही तसूभर हलत नाहीत. शब्दानं शब्द वाढतो आणि राजा हातातला चाबूक ऋषीच्या अंगावर ओढतो. शक्ती शाप देतो, तू नरभक्षक राक्षस होशील. तसं होतं, आणि हा राक्षस पहिला घास घेतो तो शक्तीचाच. पुढे वसिष्ठांचे बाकीचे मुलगेही जातात. शंभर मुलांचं कुळ बुडालं ते कशावरून, तर दोन पावलं कुणी मागं सरायचं यावरून!

ग्रीकांकडेही हीच गोष्ट आहे. सोफोक्लीसच्या नाटकातला राजा ईडिपस आपल्या बापाला मारतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण कुठे आणि कशावरून मारतो, हे फारसं कुणी सांगत नाही. तीन रस्ते मिळतात अशा जागी समोरून एक रथ येतो. रथाचे लोक पायी चाललेल्या ईडिपसला जबरदस्तीनं रस्त्यावरून ढकलायला बघतात. तो सारथ्याला मारतो. रथातला म्हातारा त्याच्या डोक्यात पराणी घालतो. मग ईडिपस त्यालाही मारतो आणि बरोबरच्यांनाही. एकच काय तो पळून वाचतो. तो म्हातारा आपला बाप होता हे त्याला पुष्कळ वर्षांनी कळतं. नियती वगैरे आपण परीक्षेत लिहितो, पण प्रसंग म्हणून पाहिलं तर हे वाट न देण्यावरून झालेलं भांडण आहे.

आणि पुराणं बाजूला ठेवायची तर २७ डिसेंबर १९८८ चा पतियाळाचा प्रसंग घ्या. क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू आणि त्यांच्या मित्राची जिप्सी रस्त्यात उभी होती. मागून मोटारीतून आलेल्या ६५ वर्षांच्या एका गृहस्थांनी वाट मागितली. बाचाबाची झाली, हात उचलला गेला आणि ते गृहस्थ दगावले. खालच्या कोर्टात सुटका, उच्च न्यायालयात तीन वर्षांची शिक्षा, सर्वोच्च न्यायालयात २०१८ साली हजार रुपये दंड, आणि पुनर्विचार होऊन मे २०२२ मध्ये एक वर्ष सक्तमजुरी. वाट मागण्यापासून अखेरच्या निकालापर्यंत ३३ वर्षांहून जास्त काळ गेला.

या तिन्ही गोष्टींत घाई हे खरं कारण नाही. दोन पावलं सरकायला किती वेळ लागतो? प्रश्न मोठा कोण, हा आहे.

आपल्या पूर्वजांना हे चांगलं कळलं होतं, म्हणून त्यांनी नियम करून ठेवले होते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वाट कुणाला द्यावी याची यादी आहे. गाडीत बसलेला, नव्वदी ओलांडलेला, रोगी, डोक्यावर ओझं असलेला, स्त्री, विद्या पुरी करून आलेला स्नातक, राजा आणि नवरदेव. (गाडीवाला यादीत पहिला आहे हे वाचून आजचे मोटारवाले खूश होतील. गाडी चटकन बाजूला घेता येत नाही म्हणून तसं असावं, असं मला वाटतं.) वनपर्वातला अष्टावक्र साधारण असंच सांगतो. राजाचे लोक त्या पोराला वाटेवरून हाकलत असतात तेव्हा तो म्हणतो की वाट आंधळ्याची, बहिऱ्याची, बाईची, ओझेवाल्याची आणि राजाची. पण ब्राह्मण समोर आला तर ब्राह्मणाची. तिथे जनक राजा शहाणा, तो वाट सोडतो.

या याद्या मी पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत. त्यांत दोन वेगळी मापं एकमेकांत मिसळली आहेत. आंधळा, रोगी, म्हातारा, ओझेवाला यांना वाट मिळते ती त्यांच्या अडचणीमुळे. राजा, स्नातक, ब्राह्मण यांना मिळते ती मानामुळे. एक गरजेचं माप, दुसरं प्रतिष्ठेचं. आणि माझं म्हणणं एवढंच आहे की पुढे रस्त्यावर मानाचं माप तेवढं टिकलं, गरजेचं झिजत गेलं. आपली सगळी हॉर्नबाजी त्या उरलेल्या अर्ध्या यादीतून आलेली आहे.

मानाचं माप किती निष्ठुर होऊ शकतं हे पाहायला फार मागं जायला नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावानं जे आठवणीवजा लेखन केलं, त्यात वाहनांचे दोन प्रसंग आहेत. पहिला १९०१ चा. सुटीत वडिलांकडे जायला निघालेली मुलं मसूर स्टेशनवर उतरली. चांगले कपडे केलेली, नीटनेटकी मुलं. पण जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं कबूल केल्यावर एक जण तयार झाला, तेही या अटीवर की बैलगाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूनं पायी चालणार. दुसरा प्रसंग १९२९ चा, चाळीसगावचा. तेव्हा ते बॅरिस्टर होते, सरकारी समितीचे सभासद होते. टांगेवाल्यानं टांगा भाड्यानं दिला, पण हाकायला नकार दिला. पाहुण्याला पायी नेणं वस्तीतल्या लोकांना बरं वाटेना, म्हणून सवय नसलेल्या त्यांच्यातल्याच एकानं लगाम हाती घेतले. मोरीवर चाक दगडात अडकलं, बाबासाहेब फरसबंदीवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा खाली नदीत गेले. माणूस बॅरिस्टर झाला तरी टांगेवाला स्वतःला त्याच्याहून वरचा समजत होता, हे त्यांनी तिथे नोंदवून ठेवलं आहे.

पूर्वी रस्त्यावर लोक कसे सभ्य होते असं कुणी म्हणालं की मला हा टांगा आठवतो. सभ्य होते, पण आपल्या बरोबरीच्या माणसाशी.

मोठ्या माणसाची स्वारी निघाली की पुढे भालदार-चोपदार ललकारत जायचे. बाकीच्यांनी बाजूला व्हायचं, मान खाली घालायची. मग मोटार आली. तिची सुरुवात मात्र फार नम्र झाली. इंग्लंडमध्ये १८६५ च्या कायद्यानं रस्त्यावरून चालणाऱ्या यांत्रिक गाडीपुढे साठ यार्डांवर एक माणूस लाल निशाण घेऊन चालला पाहिजे असं बंधन घातलं होतं. वेग गावाबाहेर ताशी ४ मैल, गावात २ मैल. म्हणजे हाही एक चोपदारच, पण उलट्या कामाचा. सांभाळा, धोक्याची वस्तू येते आहे, एवढंच सांगणारा. १८९६ साली ही बंधनं सैल झाली आणि वेग १४ मैलांवर गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई मोटारीखाली सापडून गेली. इंग्लंडमधला पादचाऱ्याचा तो पहिला मोटारबळी मानतात.

अमेरिकेतली गोष्ट जास्त बोलकी आहे. १९२० नंतर तिथल्या शहरांत मोटारीखाली माणसं, विशेषतः मुलं, इतकी मरू लागली की लोक खवळले. १९२३ साली सिनसिनाटी शहरात बेचाळीस हजारांवर लोकांनी सह्या करून मागणी केली की शहरातल्या प्रत्येक मोटारीला असं यंत्र बसवा, की ताशी २५ मैलांच्या वर ती जाताच कामा नये. मतदान झालं. मोटार विकणाऱ्यांनी आणि मोटार क्लबवाल्यांनी जोरात विरोधी प्रचार केला आणि ठराव पडला. त्यानंतर या मंडळींनी रस्त्याचा प्रश्नच फिरवून टाकला. दोष गाडीचा नाही, मध्ये येणाऱ्याचा आहे, असं सांगायला सुरुवात झाली. त्यासाठी ‘जेवॉकर’ हा शब्द त्यांनी घरोघर पोचवला. त्यातल्या ‘जे’चा अर्थ गावंढळ. म्हणजे रस्त्यात कुठूनही चालणारा तो गावंढळ, शहराची रीत न कळणारा. हजारो वर्षं जो रस्ता चालणाऱ्याचाही होता त्यावर चालणं हे एका शिवीनं अडाणीपणाचं ठरलं. मला या शब्दाचं फार नवल वाटतं. बेकायदा, धोक्याचं असे शब्द होते की! पण निवडला तो माणसाला कमी लेखणारा. मानाचं माप पुन्हा आलंच.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आणि हळूहळू आलं. अखिल भारतीय मोटार कायदा १९१४ चा, मग १९३९ चा, आणि आत्ताचा १९८८ चा. पण कायदा असला तरी मोटारी होत्या कुणाकडे? माझ्या तरुणपणी पुण्यात सगळी दुनिया सायकलवर. प्रोफेसर सायकलवर, कारकून सायकलवर, दूधवाला सायकलवर. डबलसीट बसलं किंवा रात्री दिवा नसला की पोलीस धरायचा, चाकातली हवा सोडायचा. भांडणं तेव्हाही व्हायची, खूप व्हायची. पुणेकर भांडणार नाही तर काय करणार! पण भांडणारे दोघंही एकाच उंचीवर, दोघांचे चेहरे उघडे, दोघांचा एक पाय जमिनीवर. “दिसत नाही का?” “तुम्हाला दिसतंय ना, मग तुम्ही थांबा.” दोन-चार टोमणे झाले की संपलं. मारामारीपर्यंत जायला सायकल आधी स्टँडवर लावावी लागायची, तेवढ्यात राग निम्मा उतरायचा.

मग बजाजची स्कूटर आली. चेतक १९७२ ची, लूनाही त्याच वर्षीची. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, आणि मिळाली की पेढे वाटायचे. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती रस्त्यावर आली. १९९१ नंतर तर कर्जं सोपी झाली आणि ज्याच्या तीन पिढ्यांनी कधी वाहन पाहिलं नव्हतं त्याच्याही दारात गाडी उभी राहिली. ही चांगलीच गोष्ट झाली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. चाळीसगावचा टांगा ज्यानं वाचला आहे, त्यानं गाडी सगळ्यांच्या हाती आली म्हणून नाक मुरडू नये. पण गाडीबरोबर गाडीतल्या माणसाचा जुना तोराही आला. हॉर्न म्हणजे प्रत्येकाला फुकट मिळालेला भालदार. आणि सगळेच राजे झाल्यावर वाट सोडायची कुणी?

नंबरप्लेटी पाहा. ४१४१ आकडे वळवून ‘दादा’, २१४ चा ‘राम’, ८०५५ चा ‘बॉस’. त्यासाठी माणसं पदरचे हजारो रुपये भरतात. काचेवर ‘पोलीस’, ‘प्रेस’, आडनाव, पक्षाचं चिन्ह. साहेबांच्या गाडीवरचा लाल दिवा १ मे २०१७ पासून बंद झाला, पण दिवा गेला म्हणून हौस गेली नाही. मी कोण आहे हे समोरच्याला दुरूनच कळावं, म्हणजे तो आपोआप सरकेल, एवढाच या सगळ्याचा अर्थ.

यावर अमेरिकेत डूब आणि ग्रॉस या दोघा मानसशास्त्रज्ञांनी एक मजेदार प्रयोग केला होता, तो १९६८ साली प्रसिद्ध झाला. सिग्नल हिरवा झाला तरी मुद्दाम गाडी हलवायची नाही आणि मागचा किती वेळानं हॉर्न वाजवतो ते मोजायचं. कधी नवी महागडी गाडी उभी करायची, कधी जुनी खटारा. जुन्या गाडीमागचे लोक लवकर हॉर्न वाजवायचे, जास्तही वाजवायचे. दोघांनी तर हॉर्नही न वाजवता मागून सरळ धक्काच दिला. खोळंबा दोन्हीकडे सारखाच होता हो! म्हणजे राग खोळंब्याचा जितका, तितकाच ‘हा कोण मला थांबवणारा’ याचा.

मला हे प्रयोगाशिवायही एकदा कळलं. काही वर्षांपूर्वी मी काठी टेकत रस्ता ओलांडत होतो, पांढऱ्या पट्ट्यांवरूनच. एक मोटार करकचून थांबली. काच खाली झाली. “ओ आजोबा, मरायचंय का? घरी बसा ना!” मी वळून पाहिलं. तो क्षणभर पाहत राहिला, मग दार उघडून खालीच उतरला. “सर, तुम्ही?” माझा विद्यार्थी निघाला. मागं हॉर्नचा गलका चाललेला आणि हा भर रस्त्यात वाकून माझ्या पाया पडतोय. बळेच गाडीत बसवून घरी सोडलं. वाटेत माझ्या गुडघ्याची चौकशी केली, जुन्या वर्गाच्या आठवणी काढल्या, आणि मध्येच एका रिक्षावाल्याला काच खाली करून अशी शिवी दिली की मी बाहेर बघत बसलो. मुलगा वाईट नाही. वर्गातही नव्हता. पण मी विचार करत राहिलो, की त्यानं वाट दिली ती कुणाला? सरांना दिली. त्याआधी जो आजोबा रस्त्यात होता त्याला दिलेली नव्हती. मनूच्या यादीत माझ्यासाठी दोन जागा होत्या, वयाची एक आणि विद्येची एक. मला मिळाली ती विद्येची.

काचेचा आणि हेल्मेटचाही यात भाग आहे, हे कबूल. सायकलवरच्या माणसाला चेहरा होता, गाडीला नुसता नंबर असतो. ओळख पटत नाही तोवर समोरचा माणूस नसतोच, तो फक्त अडथळा असतो. आणि आवाज म्हणाल तर हॉर्नमध्ये ‘जरा सरकता का’ आणि ‘हो बाजूला’ यांत फरकच करता येत नाही. ट्रकमागची ‘हॉर्न ओके प्लीज’ ही पाटी महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली बंद केली. त्यातला ‘प्लीज’ तर आधीच कुणाच्या लक्षात राहिला नव्हता.

आकडे सांगायचे तर २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांवर माणसं मेली, त्यांतली ३२ हजारांवर नुसती पायी चालणारी. सगळीच काही उर्मटपणानं मेली नाहीत. पण चालणाऱ्याला यादीत शेवटचा नंबर आहे, एवढं त्यातून दिसतं.

गरजेचं माप अगदीच मेलं असंही नाही. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीपासून दहा हजार रुपये दंड आहे. पण लक्ष्मी रस्त्यावर विसर्जनाच्या गर्दीत रुग्णवाहिका आली की माणसं दंडाच्या भीतीनं दुभंगत नाहीत. आषाढी वारीत माउलींची पालखी दिवे घाट चढते तेव्हा तो रस्ता गाड्यांना बंद असतो आणि लाखो लोक पायी चालतात. तिथे पुढच्याला सरकवायचं तर ‘माउली’ एवढंच म्हणायचं. पुढचा तहसीलदार असो की शेतमजूर, शब्द तोच. त्या गर्दीत धक्के पुष्कळ बसतात. मारामारी मी पाहिलेली नाही.

आणि घाटातला नियम. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्या गाडीनं वाट द्यायची, हे कायद्याच्या पुस्तकात आहे आणि घाटातल्या ड्रायव्हरांना पुस्तकाशिवायही ठाऊक आहे. एकदा पोलादपूरकडे उतरताना आमच्या एसटीच्या समोर आंबेनळीत भरलेला ट्रक आला. आमच्या ड्रायव्हरनं काही न बोलता गाडी मागं घेतली, चांगली पन्नास-साठ पावलं, दरीच्या कडेनं. मी पुढच्याच बाकावर होतो. विचारलं, “तुमची गाडी मोठी, प्रवासी भरलेले, मागं तुम्ही का घेतलीत?” तो म्हणाला, “काका, चढावर भरलेली गाडी थांबली की परत उचलत नाही.” ट्रक घरघरत वर निघून गेला. जाताना त्यातल्या क्लीनरनं हात बाहेर काढून हलवला, आमच्या ड्रायव्हरनंही हलवला. त्यांची आपसात ओळख होती की काय, ते मी विचारलं नाही.